डावीकडे वाजलेले तीन

३ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी आई बरी आहे. तुझा बाबा वेळेवर कामाला जातो. जिन्याच्या कठड्याला नवा रंग लागला आणि थोडा माझ्या सदऱ्यालाही.

आता खरं कारण. त्याआधी शपथ घे की हे बाबाला सांगणार नाहीस. घेतलीस असं धरून पुढे लिहितो.

मागच्या आठवड्यात बाबा मला डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. निमित्त एवढंच, की दुकानाची किल्ली दुकानातच राहिली आणि मी बाहेर. किल्ली तुझी आईसुद्धा विसरते, पण सुनेला कोण तपासायला नेतं? बाबा खाली गाडीला जागा शोधत राहिला आणि तेवढ्यात मला एकट्यालाच आत बोलावलं. डॉक्टर बोलायला मऊ. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, असलं विचारलं. ते जमलं. मग म्हणाले, एक घड्याळ काढा, आकडे घाला आणि तीन वाजलेले दाखवा. आता मी जन्मभर रबराचे शिक्के कोरलेले, गोल काढायला मला कंपास लागत नाही. असा गरगरीत गोल आला की मीच खूश झालो. डॉक्टरांनी कागद बघितला, तिरका धरून बघितला आणि फाइलीत ठेवला. म्हणाले, महिन्याभराने या, आणि घरच्या कोणाला तरी आत घेऊन या.

बाहेर आलो तर समोर भिंतीवर घड्याळ, आणि त्यात तीन उजवीकडे. मी डावीकडे काढले होते. बाकावर बसून आठवू लागलो तसे एकेक आकडे डोळ्यांपुढे आले. तीन काढला तो सहासारखा, सहा काढला तो तीनसारखा. सगळंच उलटं. माझा आणि घड्याळाचा छत्तीसचा आकडा झाला म्हणायचा.

माझ्या थोरल्या भावाचं शेवटी असंच झालं होतं. स्वतःच्याच घराचं दार वाजवून विचारायचा, इथे कोण राहतं म्हणून. आम्ही आधी हसायचो, मग हसेनासे झालो. बाबाला मी सांगितलं की डॉक्टर म्हणाले सगळं ठीक. त्याला खरं कळलं तर पहिली माझी कोरण्यांची पेटी कुलपात जाईल. आधीच त्याचं टुमणं असतं, या वयात धारदार हत्यारं कशाला. शिक्के आता यंत्रावर होतात हे काय मला ठाऊक नाही? पण सकाळी उठून खिडकीपाशी बसायला माणसाला काही कारण नको का?

तू मेंदूचं शिकतेस. पुस्तकात बघ आणि खरं काय ते लिही. फार खरं लिहू नकोस.

कळावे. उत्तर येईपर्यंत माझ्यावर नेहमीपेक्षा थोडा जास्त लोभ ठेव.

तुझा,
आबा


९ जुलै

ती. आबांस,

सा. न. वि. वि. शपथ मी घेतलेली नाही. बाबाला मी सांगणार नाही हे खरं, कारण ते तुम्हीच सांगणार आहात.

माझे अजून पहिलेच काही धडे झालेत. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले की या वर्गातली मुलं महिन्याभरात घरच्या सगळ्यांना आजारी ठरवतात. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने स्वतःला दोन आजार लावून घेतले आहेत आणि तिसरा मला देऊ केला आहे. तेव्हा माझं बोलणं तेवढ्याच तोलाचं समजा.

मेंदूत बारीक बारीक चेतापेशी असतात, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा फांद्या फुटलेल्या. एकीचा निरोप दुसरीला जातो. गंमत अशी की बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना टेकतच नाहीत. मधे एक बारीकशी फट असते. या बाजूची पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडची ते टिपते. तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला की तो ओलांडणं सोपं होत जातं. माणूस शिकतो म्हणजे साधारण हे होतं. आणि सकाळी काय घडलं ते आठवायला मेंदूतली जी जागा लागते, तिच्यावर हाताने घोटलेलं काम फारसं अवलंबून नसतं. हाताच्या सवयी दुसरीकडे मुरतात. म्हणून किल्ली विसरणारा माणूस सायकल विसरत नाही. अशी सवय आपल्याला विचारून सुरू होत नाही, ओळखीच्या वस्तू समोर आल्या की आपली आपण चालू होते.

आता मला एवढं कळवा. घड्याळ काढलं तो कागद केवढा होता? कशाने काढलं? डोळ्यांवर कोणता चष्मा होता? उजेड कुठून येत होता? आणि तुम्ही काय काम करता ते डॉक्टरांना सांगितलंत का? मला एक शंका आहे, पण आत्ता सांगत नाही. सांगितली तर तुम्ही माझ्या सोयीची उत्तरं द्याल. लहानपणी मला पाढे येत नसताना तुम्ही असंच करत होतात.

आईला नमस्कार, बाबाला गोड पापा. तुम्हाला दोन्ही.

आपली,
भिंगरी


१४ जुलै

चि. भिंगरीस,

आशीर्वाद विशेष. तुझ्या पत्राने निम्मी काळजी गेली आणि दीडपट आली. त्या पेशी एकमेकींना टेकत नाहीत हे लिहायची काय गरज होती? दोन दिवस मी मान हलवायलाही घाबरतोय. अण्णा न्हावी डोकं चोळू लागला तर त्याला म्हटलं, हळू, आत सगळं सुटं आहे. तो म्हणाला, ते आम्हाला पूर्वीपासून ठाऊक आहे. एखादा निरोप त्या फटीत पडला तर तो कोण काढतं, हे सरांना विचारून ठेव.

आता तुझी उत्तरं. डॉक्टरांच्या टेबलावर फाइलींचा ढीग, मोठा कागद पसरायला जागाच नव्हती. त्यांनी जाड कागदाचा तळहाताएवढा चौकोन दिला आणि खाली टेकायला एक लाकडी फळकूट. पेन्सिल आखूड होती, टोक छान बारीक, लिहायला धरतो तशी धरताच येईना, चिमटीत धरली. उजेड डाव्या हाताच्या खिडकीतून. चष्म्याची मात्र फजिती झाली. वाचायचा घरी राहिला. खिशात कामाचा होता, तोच दोरीवाला, जाड भिंगांचा. तो लावला. माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलं होतं, मी म्हटलं निवृत्त. तसं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

तुझी शंका काय ती लवकर लिही. तोवर मी घड्याळाकडे बघत नाही. वेळ शेजारच्या शिंपिणीला विचारतो, ती मला फार कामाचा माणूस समजू लागली आहे.

कळावे. तुझ्या मायेवर टेकून आहे, मधे फट ठेवू नकोस.

तुझा,
आबा


१९ जुलै

ती. आबांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी इतकी मोठ्याने हसले की मैत्रिणीने मला चौथा आजार लावला.

आबा, शिक्का कोरताना रबरावर अक्षर कसं काढता? उलटं. तरच कागदावर सुलटं उठतं. हे तुम्ही जन्मभर केलंत. तळहाताएवढा तुकडा, खाली लाकूड, चिमटीत आखूड पेन्सिल, डावीकडून उजेड आणि डोळ्यांवर कामाचा चष्मा. डॉक्टरांनी नकळत तुमचं दुकानच मांडून दिलं. हात कामाला लागला. तुम्ही घड्याळ काढलं नाही, घड्याळाचा शिक्का काढलात. तुमच्या भावाने घराची वाट हरवली होती. तुमच्या हाताने ती फार नीट लक्षात ठेवली, एवढीच चूक.

निदान मला असं वाटतं. खात्री करायची तर एक करा. कामाचा चष्मा काढून ठेवा, उभे राहा आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर खडूने परातीएवढं घड्याळ काढा. ते सुलटं आलं तर माझी शंका खरी असण्याचा संभव पुष्कळ आहे. तरी डॉक्टरांकडे जायलाच हवं. मी तीन धड्यांची पंडित, ते खरे. आणि बाबाला आधी सांगा. तो पेटी कुलपात ठेवेल म्हणून तुम्ही घाबरता. तो कशाला घाबरतो ते तुम्ही कधी विचारलं आहे का?

निरोप फटीत पडला तर काय, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या आजोबांना माझ्या वर्गात बसव.

लोभ आहेच, त्याची उजळणी करायची गरज नाही.

आपली,
भिंगरी


३० जुलै

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. तुझं आणि आबांचं काय चाललंय? काल दुकानात गेलो तर मागची भिंत खडूच्या घड्याळांनी भरलेली, सगळ्यांत तीन वाजलेले. आबा टेबलापाशी कामाचा चष्मा लावून बसलेले, आणि समोर कागदाच्या चौकोनांवर आणखी घड्याळं. मी दाराशीच उभा राहिलो. मला मोठ्या काकांचं ते दार वाजवणं आठवलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ पहिल्याच फटक्यात सुलटं आलं म्हणे. पण तेवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले. चष्मा लावून, फळकुटावर, बारीक पेन्सिलीनेही सुलटं यायला हवं असा ध्यास घेतलाय. चहा झाला की बसतात. सुरुवातीला हात उलटाच वळायचा, आता वळत नाही असं सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

मी त्यांना म्हटलं, पेटीवर माझा राग नाही. मागे त्यांनी बोट कापून घेतलं आणि पट्टी लपवायला हात खिशात घालून जेवायला बसले होते, आठवतं? मला हत्यारांची भीती नाही, त्या खिशातल्या हाताची भीती वाटते. यावर म्हणाले, पोरगी तुझ्यावर गेलीय, दोघेही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवता.

परवा डॉक्टरांकडे जातोय, या वेळी मी आत असेन. आईने पाठवलेले मोजे पोचले का ते कळव.

तुझा,
बाबा


६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि ही खुशाली पद्धत म्हणून नाही, खरीच आहे. ती आधी लिहितो म्हणजे तू पान उलटून शेवट शोधणार नाहीस. डोकं जागेवर आहे.

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं, लख्ख सुलटं. मोठ्या कागदावर, लहान कागदावर, चष्मा लावून, चष्मा काढून. मग ते म्हणाले, मागचं कसं काय उलटं आलं ते बघायचं आहे, तसं एक काढा. आता घोटून घोटून मी ते घालवून बसलेलो. म्हटलं, आता यांना वाटणार म्हातारा थापा मारतोय. तेवढ्यात तुझ्या बाबाने खिशातून एक जुना शिक्का काढला. येताना हळूच घेतला होता, मला पत्ता नाही. डॉक्टरांच्याच कागदावर उठवला आणि फाइलीतलं माझं मागचं घड्याळ मागून घेऊन शिक्क्याच्या रबराशेजारी ठेवलं. डॉक्टरांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, घरच्यांना बोलावलं ते हेच विचारायला, की आजोबा आयुष्यभर काय करत होते. कारण बाकीच्या उत्तरांशी ते घड्याळ जुळत नव्हतं.

तरी त्यांनी सगळं पुन्हा तपासलं, घाई केली नाही. किल्ली विसरणं वयाचं आहे, मात्र ते वाढतं का यावर लक्ष ठेवायचं, असं बाबाला सांगितलं. मला म्हणाले, आता वर्षाने या. म्हणजे वर्षभर मी आहे असं त्यांनाही वाटतं. जिना उतरताना बाबाने माझा दंड धरला. मला पडण्याची भीती नव्हती, तरी मी सोडवला नाही.

आता पुढची हकिकत, ही तू हसून वाच. घरी आलो तो इतका मोकळा मोकळा, की तुझ्या पुस्तकांवर मारायला तुझ्या नावाचा शिक्का करायला बसलो. चांगलं मऊ रबर घेतलं, नाव रेखलं, कोरलं, कडेला एक छोटी भिंगरीही कोरली. बाबा शेजारी स्टुलावर बसला होता. शाई लावून कागदावर उठवला आणि दोघेही वाकून बघू लागलो. नाव उलटं. रबरावर मी सुलटं कोरून बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा.

बाबाने हात पुढे करून पेटी उचलली. म्हटलं, चालली कुलपात. त्याने ती उचलून खिडकीपाशी ठेवली, जिथे उजेड जास्त येतो, आणि म्हणाला, या वयात नवीन शिकलात आबा, आता जुनं पुन्हा शिका. मग मला तुझी ती फट आठवली. एवढे दिवस सुलटं काढायचा निरोप रोज तिथून गेला, तो फटीत न पडता पलीकडे पोचलासुद्धा. ते तुझ्या सरांना सांग. वर्गात यायचं जमणार नाही म्हणावं, इकडे काम पडलं आहे.

तुझा शिक्का दुसरा करतो म्हटलं, तर बाबा म्हणाला हाच पाठवा, असा दुसरा कोणाकडे नसेल. तो सोबत पाठवत आहे. ठसा गडद उठतो, शाई कमी लाव.

कळावे. माझ्यावर लोभ होता तेवढाच ठेव, जास्तीचा मागितला होता तो परत घे.

तुझा,
आबा

ता. क. खाली एकदा उठवून दाखवला आहे. आरशासमोर धरून वाच.