माझ्या पलीकडचं वर्तुळ

प्रिय आई,

गुडघे टेकून तुझा आशीर्वाद मागते. मी मजेत आहे. बाळ पोटात सारखं लाथा मारतं, आणि सासूबाई रोज समोर बसून मला ईल माशाचं कालवण खायला लावतात. बाबांचा खोकला कसा आहे?

इथे घराण्याची वंशावळ रंगवून घेताहेत. लांबलचक कातड्यावर प्रत्येकाचं एक वर्तुळ, नवऱ्याच्या शेजारी बायकोचं, आणि मुलं झाली असतील तर त्याखाली लाल रेघ. काल मी हौसेने बघायला गेले. 'सर फल्क' या ह्यांच्या नावाशेजारी माझं नाव आहे, छान सोनेरी अक्षरांत. माझ्या पलीकडे अजून एक वर्तुळ आहे, रिकामं. लाल रेघ त्याच्याखालून निघते. माझ्याखाली काहीच नाही.

"हे चुकलंय का हो?" मी चित्रकाराला विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "सर फल्क यांनी सांगितलं तसंच काढलंय, बाईसाहेब."

सासूबाई हसल्या. "अगं, कातडं केवढं महाग! आधीच जागा ठेवलेली बरी. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

बाळंतपणाला दाई त्यांनीच ठरवली आहे. तरी तू आपल्या गनोरा दाईला पाठव. लोकरीचे मोजे द्यायला आले म्हणावं. लवकर पाठव. हे पत्र मी घरच्या स्वाराकडे न देता मठातल्या साधूकडे देतेय.

कोपऱ्यातला लाल डाग बघून घाबरू नकोस. ती रेघ अजून ओली होती, आणि मी ती पुसायला गेले.

तुझीच लेक,
इडोनिया