दिंडोरीहून आलेला अंगठा

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मी नाशिकमध्ये हातांची डॉक्टर म्हणून बसते आहे त्यालाही. लोकांना अजून हे पटत नाही. परवाच एका आजोबांनी विचारलं, "नुसत्या हाताला येगळा डॉक्टर लागतो व्हय?" मी त्यांना म्हटलं, सदऱ्याची बटणं लावून दाखवा. तिसऱ्या बटणाला त्यांना घाम फुटला, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

तुमच्या हाताखाली शिकत होते ते दिवस आज सारखे आठवताहेत. तुम्ही पक्के शाकाहारी, तरी आमच्या सरावासाठी कोंबडीच्या तंगड्या स्वतः दुकानातून आणायचात, नाकाला रुमाल लावून. त्यातली शेवईपेक्षा बारीक रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली जोडायला लावायचात आणि टाका चुकला की तो सरळ कापून टाकायचात. पण मला लागलं ते तुमचं बोलणं टाक्यांबद्दलचं नव्हतं. इगतपुरीकडून एक माणूस आपल्या भावाला घेऊन आला होता. लाकडाच्या वखारीत करवतीवर भावाचं बोट तुटलेलं, आणि ह्याने ते थेट बर्फात खुपसून आणलेलं. पांढरंफटक, कडक. जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी त्याच्यावर ओरडले, "असं आणतात का?" तुम्ही मला बाहेर नेलंत आणि शांतपणे विचारलंत, "कसं आणायचं हे त्याला कोणी सांगितलं होतं? तू सांगितलं होतंस?"

त्याचं उत्तर द्यायला मला फार वर्षं लागली. दवाखाना मार्गी लागल्यावर मी रविवारी गावोगाव जायला लागले. कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी द्राक्षं भरतात त्या शेडमध्ये. सुरुवातीला तक्ते आणि फोटो न्यायची. फोटो दिसले की बायका तोंड फिरवायच्या, आणि तक्ता दिसला की जांभया द्यायच्या. मग एकदा दिंडोरीजवळच्या एका गावात कोणाच्या तरी पाटीतलं गाजर उचललं आणि म्हटलं, हे समजा बोट. कचकन तुकडा मोडला. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि ती पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवली. बर्फ बोटाला लागता कामा नये, एवढंच लक्षात ठेवा म्हटलं. बायका हसून हसून बेजार. पुढे बसलेली एक ठेंगणी बाई म्हणाली, "मॅडम, आता त्ये गाजर परत जोडून दावा की." ते काही मला जमलं नाही.

गेल्या वर्षी द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत, भर दुपारी, त्याच गावाहून फोन आला. पेठकडून बागेत कामाला आलेल्या एका मजूर बाईचा हात गुरांचा चारा कापायच्या यंत्रात गेला होता. उजवा अंगठा. तासाभरात पिकअप दवाखान्याच्या दारात. जखमी बाईच्या शेजारी तीच ठेंगणी बाई, मांडीवर डबा घट्ट धरून. "बर्फाला लागू दिला नाय," पहिलं वाक्य तिने हेच उच्चारलं. मी डबा उघडला. बांधलेली पिशवी, आत ओलं फडकं, आणि फडक्यात अंगठा. सर, इतका नीट आणलेला अंगठा मी आजवर पाहिला नव्हता.

साडेपाच तास लागले. आधी हाड, मग स्नायुबंध, मग रक्तवाहिन्या. रक्तवाहिनीवर लावलेला चिमटा सोडला आणि आम्ही सगळे नखाकडे बघत उभे राहिलो. मग नखाखाली हळूहळू गुलाबी रंग चढत गेला. "आला," भूलतज्ज्ञ म्हणाले, आणि सिस्टरने खुर्चीत अंग टाकलं.

पुढचे कित्येक महिने त्या मजूर बाईने अंगठ्याचे व्यायाम केले. मध्येच वैतागून रडली, एकदा तर "राहू द्या हा असाच" म्हणून उठून गेली. दुसऱ्या आठवड्यात परत आली. परवाच्या रविवारी मी गावात पोचते तर ती माझ्याआधी तिथे हजर. माझ्या हातातलं गाजर घेत म्हणाली, "तुम्ही बसा मॅडम. मी सांगते." अंगठा अजून पुरता वाकत नाही, तरी पिशवीची गाठ तिने स्वतः मारली. मग तो सगळ्यांना फिरून दाखवला. एका म्हातारीने चिमटीत धरून चांगला ओढून पाहिला आणि जाहीर केलं, "पक्का हाय." मी मागे मांडी घालून बसले होते, कोणीतरी दिलेल्या शेंगा खात. इतकं निवांत मला कुठल्या सभेत वाटलेलं नाही.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, बहुधा फाडूनच टाकीन. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला हे कळायला हवं म्हणून लिहिते आहे. ते पुरतं खरं नाही. पन्नाशी उलटली, हाताखाली शिकणारी मुलं आहेत, तरी मला तुमच्याकडून एकदा 'शाबास' ऐकायचं होतं.