चार वेळा 'हव', चार टेबले

प्रति,
मा. श्री. अनंतराव भोयर,
शाखा व्यवस्थापक, खारून धान्य साठवण कंपनी,
तेलीबांधा, रायपूर.

विषय : माझे 'हव' परत मिळणेबाबत.
संदर्भ : जुलैचा कर्मचारी कार्यभार मोजणी अहवाल, पान ६.

महोदय,

अकरा वर्षे आपणास 'दादा' म्हणत आले. आज 'महोदय' सोसून घ्यावे. ऑफिसचे कागद हिंदीत चालतात हे मला माहीत आहे. पण घात मराठीत झाला, म्हणून अर्जही मराठीत.

१. जुलैत, गोदामे रिकामी असताना, आपण कामाची मोजणी केली. मी गाड्यांच्या वजनाच्या पावत्या मोजत होते. आपण शेजारी बसून गावाकडच्या, भंडाऱ्याच्या गप्पांत प्रश्न मिसळत होता. मोजदाद चुकू नये म्हणून मी 'हव, हव' करत राहिले. 'हव' म्हणजे हो, आणि 'हव' म्हणजे नुसते 'ऐकून राहिली, बोला तुम्ही', हे आपल्यासारख्या जुन्या रायपुरी माणसाला मी सांगावे काय?

२. अहवालात 'कर्मचाऱ्याची संमती : चार वेळा' अशी नोंद आहे. त्यावरून मला आणखी चार टेबलांचे काम मिळाले. पैकी चौथे 'हव' चहावाल्या भैयाला होते. साखर कमी टाकू का, असे त्याने विचारले होते. त्यापायी आवक-जावक माझ्याकडे आले.

३. आता धानाचा हंगाम आहे. जुलैतल्या नऊ गाड्यांच्या जागी रोज दीडशे येतात. पावती फाडणारी मी, तपासणारीही मीच. काल एका चुकीबद्दल मी स्वतःलाच खुलासा मागितला आणि ते पत्र आवक नोंदवहीत चढवले.

४. हेही सोसले असते. पण दुसऱ्या 'हव'ने माझ्या शेजारचे टेबल सांभाळणाऱ्या माया वासनिक 'अतिरिक्त' ठरल्या. त्यांना अभनपूरच्या शाखेत नुसते बसवून ठेवले आहे आणि ३१ डिसेंबरला त्यांची नोकरी संपते. आदेशात कारण लिहिले आहे : 'नीलिमा रंगारी यांच्या संमतीने'. माया आता माझा फोन उचलत नाही. काहून केलं दादा असं? माझ्या हातची पाटवडी खाल्ली अन् माझ्याच तोंडचा शब्द चोरला?

तरी चारही 'हव' रद्द करून माया यांना त्यांच्या टेबलावर परत बसवावे. ते जमणार नसेल, तर 'संमती नीलिमाची नव्हती' एवढे मायाला आपल्या सहीने लिहून द्यावे.

या अर्जावर कृपया 'हव' म्हणू नये. लेखी कळवावे.

आपली, अजूनही नम्र,
नीलिमा रंगारी
वजन-पावती विभाग (व इतर चार)
९ डिसेंबर २०२४

सोबत : (१) अहवालाचे पान ६. (२) साखर कमीच होती, असे चहावाल्या भैयाचे सहीनिशी निवेदन.