पातूरच्या कॉम्प्युटरचा दिवा

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

कापूसभावाची आमची साईट उघडायला एवढा वेळ का लागतो, ते आज सापडलं. पानाच्या माथ्यावरच, माझ्यासोबत साईट बनवणाऱ्या रफीकची एक फाईल. ती पातूरहून, त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरून येते आणि येईपर्यंत पडदा नुसता पांढरा. पण रफीक वारून वर्ष झालं. कॉम्प्युटर चालू ठेवतं कोण? आधी त्याच्या घरी विचारायला हवं होतं. मी ती फाईल मागवणारी ओळच काढली. पान झटक्यात उघडलं.

थोड्या वेळानं भाभीचा फोन, रफीकच्या बायकोचा. “भाऊ, त्यायच्या कॉम्प्युटरचा दिवा दिवसभर लुकलुकते. आज एकदम काहून थांबला? कुठं गेले ते?”

म्हणजे इकडे कोणी भाव पाहिला, की तिकडे दिवा.

फोन कानाला धरूनच मी ओळ परत टाकली. पडदा पांढरा झाला.

फोनवर भाभी हळूच म्हणाली, “आले.”