आतली कडी

रविवार, तान्हा पोळा

आज आदिलाबाद टेशनावर रूळ तपासायची गाडी थांबली होती. माझी नात शालू त्याच गाडीत कामाले हाये. तिचा बाप बाळू सकाळीच म्हने, "माय, पोरगी इतक्या मानसायत झोपते कुठं? तू पाहून ये, नाही तर सोडू दे ते नोकरी." बाप हाये, घोर लागतेच.

मी भाकरी घेऊन गेली. आत गॅस, न्हानी, पंखे, सारं घरच. शालू मशीन दाखवू लागली, रूळ वाकला की कागदावर रेघ हालते म्हने. मी म्हनलं, "ते राहू दे, तुई खोली दाखव."

खोली कशाची, खाटेएवढीच. पन दाराले आतून कडी. मी लावून पाह्यली आन् तशीच बसली.

बाहेरून शालू म्हने, "आजी, काय करून राह्यली?"

"काही नाही वं. बसली."

घरी येऊन बाळूले सांगतलं, "कडी आतून हाये, मजबूत."

"मंग करू दे," म्हने, आन् जेवाले बसला.

त्या कडीचं मले एवढं काऊन वाटलं? सासू, दीर, घरभर लेकरं. आतून कडी लावून एकलीच कधी बसलीच नव्हती मी. आज बसली.