सात नंबरचं चित्र

१३ ऑगस्ट १९३४
अंडी मिळाली! मिरजोळ्याच्या वहाळातले, म्हणजे ओढ्यातले, बोटभर मासे गेले आठ दिवस बरणीत नुसते माझ्याकडे बघत होते. आज पहाटे तळाशी चाळीसेक अंडी. मोहरीएवढी, काचेसारखी आरपार.
बायको, मालन, म्हणाली, "श्रावणात मासे घरात आणलेत, आणि ते नुसते बघायला!"
तिला समजावलं. मुंबईच्या कॉलेजात प्रयोगशाळेत एक जागा आहे. प्रोफेसरसाहेबांना माशाच्या अंड्याची आठ चित्रं हवीत — प्रत्यक्ष पाहून काढलेली. चित्रं पसंत, तर जागा. नाहीतर जन्मभर सहावीला पृथ्वी गोल आहे हे सांगायचं.

१४ ऑगस्ट
नवी अंडी. सहा ते दहा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. बलकाचा गोळा मधे, पेशींची टोपी वर. ती टोपी सरकत सरकत खाली येते, बलक गिळत जाते. साडेनऊला खालचं तोंड बारीक झालं, आणि बटव्याची नाडी ओढावी तसं मिटलं. मी ओरडलोच. मालन पोळी तव्यावर टाकून धावत आली. पोळी करपली.
सहा चित्रं झाली. मग शाळा.
पाचला येऊन बघतो तो बलकाला खालून शेपूट! माझ्याकडच्या माशांवरच्या पुस्तकात बलक गोलच आहे. अंडी नासली. मालनकडे फेकायला दिली.

१६ ऑगस्ट
पुन्हा नासली.
मालन सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणते. मी शाळेत असताना ती त्यातून बघते, हे आज कळलं. म्हणे, "दुपारी एकच्या सुमारास लांबायला लागतं. आणि नासलेलं कधी हलतं काय वो?"
हलत होतं खरं. पण पुस्तक विलायतेत छापलेलं आहे.

१८ ऑगस्ट
तिसऱ्यांदा नासली. पाणी वाईट असावं.
सात नंबर पुस्तकावरून काढलं. बलक गोल. वाटीभोवती पेन्सिल फिरवली, फार सुबक आलं. आठवंही त्यावरून बेतलं.

२० ऑगस्ट
आठही चित्रं रजिस्टरने रवाना. 'प्रत्यक्ष पाहून काढली' असं लिहून सही केली. सही जरा वाकडी आली.

२३ ऑगस्ट
तुळशीजवळच्या पाण्याच्या दगडी डोणीत पिल्लं! शंभरेक. पापणीच्या केसाएवढी, पण काय त्यांची धावपळ!
"ही कुठली?"
"तुमची नासलेली." फेकवली नाहीत म्हणे तिला.
मग श्रीखंडासाठी टांगलेलं दही खाली घेऊन तिने मला शिकवलं. फडक्याची पुरचुंडी खालच्या अर्ध्यात मुठीने आवळली. वर गोळा राहिला, खाली शेपटी झाली. "दही आपणहून लांबत नाही. फडकं आवळतं, म्हणून लांबतं. तुमचा बलकही तसाच असंल."
पुस्तकात आहे तो थंड देशातला मासा. त्याचा बलक राहत असेल गोल. आमच्या वहाळातल्याने ते पुस्तक वाचलेलं नाही.
सबंध दिवस लाज वाटत राहिली. श्रीखंड मात्र खाल्लं.

२८ ऑगस्ट
पत्र नाही. चित्रं टपालात गहाळ होतील तर बरं, असं दोनदा मनात आलं.

३ सप्टेंबर
पत्र आलं. चित्रं पसंत! 'विशेषतः सातवे. ग्रंथातील आकृतीशी तंतोतंत जुळते.' जागा दिली. पंधरा तारखेला हजर व्हायचं.
मालनने देवापुढे साखर ठेवली. मग विचारलं, "मुंबईत वहाळ असतो काय वो?"
जेवण गेलं नाही.

४ सप्टेंबर
शाळेत चिठी दिली: पोट दुखते. तसं खोटं नव्हतं.
सकाळी अंडी होतीच. बारा वाजता बसलो. मालन शेजारी, आळीपाळीने बघत होतो. एकला पाच मिनिटं कमी असताना ती म्हणाली, "आता बघा." खालच्या पेशी दोन्ही अंगांनी गोळा होऊन दाटल्या, मधला बलक हळूहळू चेपला, लांबला. तीन महिने पुस्तकात डोकं घालून मला हे दिसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. भिंगाला लागलं, पुसावं लागलं.

५ सप्टेंबर
सात नंबर नव्याने काढून रजिस्टरने पाठवलं — शेपटीसकट. खाली लिहिलं: 'आधीचे वाचून काढले होते. हे पाहून काढले आहे. प्रथम पाहणारी: सौ. मालन.' सही सरळ आली.
तिला अजून सांगितलेलं नाही. आत ट्रंक भरते आहे.