चार चाकांची हवा, तीस सप्टेंबरच्या आत

अमरावती,
दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
मोरूचा शि. सा. न. वि. वि.

सर्वांत आधी तक्रार. तुझ्या पाकिटाला तू सात स्टेपल मारले होते. चहा निवतो आहे, चष्मा कपाळावर आहे, आणि अठ्ठावीस वर्षं वकिली केलेला माणूस चमच्याच्या टोकानं आपल्या सख्ख्या बहिणीचं पाकीट फोडतो आहे. सहाव्या स्टेपलला उजव्या हाताचं बोट फुटलं. कोर्टात साक्षीदारावर रोखायचं तेच बोट. दोन दिवस मला सगळ्यांशी सभ्यपणे वागावं लागलं, त्याचा मनस्ताप वेगळा. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि ऐकत कोणीच नाही, म्हणून महत्त्वाचं ते पत्रानं कळवायचं, हे आपलं ठरलेलं मला मान्य आहे. पण पाकिटाची तिजोरी करायची गरज नाही.

आता इशूचं. तुझ्या पत्रावरून मला समजलं ते असं. आपली इशिता मेळघाटात गुरांची डॉक्टर आहे आणि संस्थेची जुनी जीप स्वतः चालवते. चिखलाच्या चढावर टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि जमीन धरतो. पण तशा ढिल्या टायरांवर पुढं डांबरी रस्त्यानं पळवलं तर टायर फाटतो, आणि हवा भरायचं दुकान एक चिखलदऱ्याला, नाही तर परतवाड्याला. म्हणून पोरगी टणक टायरांवरच चिखलात शिरते, आणि मागच्या महिन्यात अशीच आडवी घसरत नाल्याच्या काठावर जाऊन थांबली. तू जेवण टाकलंस. तेव्हा तिनं तुला शब्द दिला, की तीस सप्टेंबरच्या आत यावर उपाय निघाला नाही तर राजीनामा देऊन अकोल्याला परत येते. आणि उपाय शोधायचं काम तू मला सांगितलंस. ताई, मला दाट संशय आहे, की तुला उपाय नकोच आहे. म्हणून तर ते काम माझ्याकडे आलं.

तरी मी ते मन लावून केलं. गाडीच्या बॅटरीवर चालणारे, उचलून नेता येणारे हवेचे कॉम्प्रेसर बाजारात ढिगानं आहेत. एकाच्या खोक्यावर दीडशे पौंड, दुसऱ्याच्या तीनशे. एवढी हवा भरली तर जीप मेळघाटात उडतच जाईल. आकड्यांवर माझा विश्वास नाही. मी सतरा कंपन्यांच्या गॅरंटीचे कागद वाचले, आणि त्यातला एक वाचून अक्षरशः उठून उभा राहिलो. चौदा पानं, पाच वर्षं, कंपनीला पळायला एक खिडकी नाही! असा मसुदा हल्ली आमच्या बारमध्ये कोणाला जमत नाही. तोच घेतला. शेजारच्या श्रावणच्या स्कूटरवर चालवून पाहिला. दोन मिनिटांत टायर दगडासारखा. सोबत पाठवतो आहे.

वामनराव भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, स्टेपल कमी करावेत.

तुझा,
मोरू

---

अकोला,
दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. मोरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं बोट दुखावल्यानं अमरावतीच्या कोर्टाला दोन दिवस आराम मिळाला, हे वाचून बरं वाटलं.

मला उपाय नको आहे, असं तू लिहिलंस. अगदीच खोटं नाही. पण शब्द देताना इशूचा चेहरा मी पाहिला आहे. ती परत यावी असं मला वाटतं. ती हरून यावी असं वाटत नाही. म्हणून ठरवलं, की तुझं यंत्र प्रामाणिकपणे तपासायचं. पस्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासले, आवडत्या मुलीलाही फुकटचा गुण दिला नाही.

यंत्र घेऊन मी सुरैय्याच्या टायरच्या दुकानात गेले. ती माझी दहावीतली विद्यार्थिनी. तिचे यजमान कुर्बानभाई गेल्यापासून अकरा वर्षं दुकान तीच चालवते. चाकं जमिनीवरून उचलण्यापासून पंक्चरपर्यंत सगळं स्वतः करते, आणि ट्रकवाले तिच्याशी आवाज खाली करून बोलतात. तिनं तुझ्या चौदा पानांकडे पाहिलंही नाही. इशूसारखीच एक जीप दुकानात उभी होती, तिच्या मालकाला विचारून चारही चाकांची हवा अठरा पौंडांवर आणली, आणि भिंतीवर खडूनं वेळ लिहिली. तुझ्या यंत्रानं पहिला टायर चौतीसवर न्यायला अकरा मिनिटं घेतली. तोवर ते असं तापलं, की वर पोळी भाजली असती. दुसऱ्या टायरला घरघर करून बंद पडलं, आणि जाता जाता जीपचा फ्यूजही घेऊन गेलं. ती हसली नाही, हे विशेष. एवढंच म्हणाली, की बाई, वकीलसाहेबांनी कागद वाचला, मशीन वाचली नाही. हे स्कूटरचं सामान हाय. मग मी घरी येऊन तुझी गॅरंटी उघडली. कलम सहा: सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वापर केल्यास कंपनी जबाबदार नाही. खिडकी नाही म्हणालास, पुढचं दारच सताड उघडं आहे.

त्यानंतरचं मात्र तू बघायला हवं होतंस. दुसऱ्या दिवशी तिनं तीन यंत्रं आणली. तीच जीप, तोच टायर, तेच अठरा, तेच घड्याळ; दोन यंत्रांच्या मध्ये टायर निवू द्यायचा, नाहीतर मोजमाप चुकतं म्हणे. खोक्यावरचा मोठा आकडा कामाचा नसतो, मिनिटाला हवा किती फेकते ते विचारायचं, हे तिनं मला शिकवलं. गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकातून वीज घेणारं यंत्र बाजूला, थेट बॅटरीला चिमटे लावायचे ते पुढं. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का, ते जमिनीवर बसून पाहिलं. शेवटी एक जाडजूड, दिसायला कुरूप, दोन सिलिंडरचं यंत्र निवडलं. एका टायरला तीन मिनिटं. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण इतकी स्वच्छ रीत वहीत क्वचित पाहिली.

याची गॅरंटी सहा महिन्यांची, अर्ध्या पानाची. तुला झोप लागणार नाही, ठाऊक आहे.

बोटाला हळद लाव. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई

---

अमरावती,
दि. १२ सप्टेंबर २०२५

श्रीमती सुरैय्याबाई यांस,
स. न. वि. वि.

आपण माझ्या भाचीसाठी हवेचे यंत्र निवडल्याचे भगिनींकडून समजले. त्याबद्दल आभारी आहे. तथापि सदर यंत्राला सहा महिन्यांचीच, तीही अर्ध्या पानाची गॅरंटी असल्याचे कळून चिंता वाटते. प्रश्न मुलीच्या जिवाचा आहे आणि तिच्या नोकरीचाही. सबब सदर यंत्र चिखलात वा रस्त्यात बंद पडणार नाही, असे आपण सहीनिशी लेखी कळवल्यास उपकृत होईन.

स्नेह असावा.

आपला,
मोरोपंत

---

अकोला,
१६ सप्टेंबर

वकीलसाहेबाले सुरैय्याचा सलाम.

तुमचं पत्र भेटलं. दोनदा वाचलं, तवा समजलं. लेखी मागितलं तर लेखी देऊन राहिली.

मशीन बंद पडणार नाही असं मी लिहून देत नाही. मशीन हाय, कवातरी बंद पडनच. माणूस पडते, मशीन काहून नाही पडणार? बंद पडली तर काय कराचं, तेवढं माह्या हातात हाय, ते लिहून देऊन राहिली.

इशिता शनिवार-रविवार घरी आली होती. दोनी दिवस तिले दुकानात बसवलं. लाल चिमटा कुठं, काळा कुठं. इंजन चालू ठेवूनच मशीन चालवाची, नाही तर बॅटरी बसते. दोन टायर झाले का मशीनले पाच मिनिटं गार होऊ द्याचं. मशीनवरच्या काट्यावर भरोसा ठेवाचा नाही, हवा मोजाचं वेगळं गेज दिलं हाय. आन् मशीन मेलीच, तर पायानं भराचा पंप स्टेपनीच्या मांगं बांधून दिला. त्या पायपंपानं एक अख्खा टायर तिच्याकून भरून घेतला. पोरगी घामानं भिजली, माह्यावर चिडली, पण भरला. तुमच्या चौदा पानात हे कुठं लिवलं हाय, मले दाखवा.

मशीनची गॅरंटी कंपनीनं द्याची. पोरीची मी देऊन राहिली. खाली सही हाय.

अजून एक. बाई सांगत होत्या, तुमी आपल्या गाडीत चारी टायरात चाळीस हवा भरून फिरता आन् वरून कंबर दुखते म्हणता. कंबर वयानं नाही दुखत वकीलसाहेब, हवेनं दुखते. बत्तीस ठेवा.

दुवा असू द्या.

सुरैय्या

---

अकोला,
दि. २५ सप्टेंबर २०२५

चि. मोरूस,
अनेक आशीर्वाद.

सुरैय्याचं पत्र तू वकिलांच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलंस म्हणे. कमरेचा मजकूर गाळलास की नाही, ते कळव.

मंगळवारी मी इशूच्या जीपमधून गेले. तिनंच सांगितलं होतं, की आई, घरी बसून ठरवू नकोस, एक फेरी बघ आणि मग सांग. राजीनामा तिनं लिहून ठेवला होता. मी गेले ती खरं सांगायचं तर तिला परत आणायच्या तयारीनं. सेमाडोहच्या पुढं एका गावात शेळ्यांना लस द्यायची होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. चढ आला तशी ती उतरली, एकेका चाकाशी बसून फुस्स करत हवा सोडली, गेज लावून अठरा पाहिले, परत बसली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आम्ही वर होतो. मोरू, जीप घसरली नाही. ती म्हशीसारखी पाय रोवत, सावकाश चढली.

गावात पोरीला सगळे नावानं ओळखतात. एका म्हातारीनं मला हाताला धरून आपल्या शेळ्या दाखवल्या. तिची भाषा कोरकू, मला एक अक्षर कळलं नाही, पण कौतुक कळलं.

परतताना डांबरी रस्त्याला लागलो आणि आता थांबून हवा भरायची, तेवढ्यात एक माणूस धावत आला. शेळी अडली होती. इशूनं मशीन काढली, इंजन चालूच ठेवलं, आणि मला म्हणाली, की आई, तू भरायला घे. पिशवी उचलली आणि गेली. मी एकसष्ट वर्षांची बाई, रस्त्याच्या कडेला, चालू जीप, आणि हातात दोन चिमटे!

पदर खोचला. लाल लालला, काळा काळ्याला. पहिल्यांदा नळी तिरपी बसली आणि होती ती हवासुद्धा निघून चालली. तोंडातून एक शब्द गेला, तो तुला लिहीत नाही. दुसऱ्यांदा सरळ बसवली. दोन टायर, पाच मिनिटं थांबले, मग दोन. त्या पाच मिनिटांत एक दूधवाला थांबला, मदत करू का म्हणाला. मी नको म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.

इशू आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भरलेले. दोन करडांपैकी एक वाचलं. पाण्यानं हात धुतले, गेज घेतलं आणि एकेक चाक तपासलं. तीन चाकं चौतीसवर बरोबर निघाली. चौथ्याला म्हणाली, की आई, इथं एक जास्त आहे, पस्तीस झाली. आणि ती एक पौंड हवा काढली. आईलाही फुकटचा गुण दिला नाही. मला इतका अभिमान वाटला, की खिडकीबाहेर बघत बसले.

तीस तारखेचा विषय मी जीपमध्येच संपवला. शब्द तिनं पाळला होता, उपाय निघाला होता. भीती गेली असं म्हणणार नाही. पण आता ती कुठल्या चढावर काय करते आहे हे मला दिसतं, आणि दिसतं ते नीट करते आहे. तिनं लिहिलेला कागद तिनंच फाडला. मी मागितला नाही.

एक राहिलं. सुरैय्यानं यंत्राच्या किमतीपलीकडे काही घेतलं नाही. दोन दुपारी, दोन दिवसांची शिकवणी, पायपंप, सगळं तसंच. म्हणाली, की बाई, तुमी मले भूमितीत पास केलं तवा काय घेतलं होतं? तिच्या टेबलावर दुकानाच्या नव्या भाडेकराराचा कागद पडला होता. मालकानं सहीसाठी पाठवलाय, बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणून पडून आहे. तिनं सांगितलं नाही, पण तिची परवानगी घेऊन मीच त्याची प्रत आणली. सोबत जोडली आहे.

वामनरावांचा आशीर्वाद. मायेचं पाणी आटू देऊ नये.

तुझी,
ताई

---

अमरावती,
दि. ६ ऑक्टोबर २०२५

सन्मान आणि सलाम दोन्ही ज्यांना शोभतात त्या सुरैय्याबाईंस,
मोरोपंताचा सादर नमस्कार.

काल इशिताचा फोन आला. तिला या महिन्यात आणखी चार गावं दिली आहेत. आवाज कसा होता म्हणून सांगू! मुलगी तिथं राहिली, याचं श्रेय ती स्वतः घेते, तिची आई तिला देते, आणि मला ठाऊक आहे, की ती आपण दोन दुपारींत भिंतीवर लिहिलेल्या खडूच्या आकड्यांमुळे राहिली. मी आजवर बरेच तज्ज्ञ साक्षीदार उलट तपासले. आपल्यासारखा एकही भेटला नाही. आपल्याकडून लेखी मागितलं, ही माझी चूक झाली. तीही लेखीच कळवतो.

आपला भाडेकरार वाचला. कलम नऊ असं होतं, की दुकानाच्या जमिनीत बसवलेलं सगळं सामान दुकान सोडताना मालकाचं होईल. म्हणजे आपली हवेची मोठी टाकी आणि गाड्या उचलायची मशीनसुद्धा. सही झाली असती तर कुर्बानभाईंनी घेतलेलं आणि आपण वाढवलेलं सगळं एका ओळीत गेलं असतं. शनिवारी मी अकोल्याला येऊन दुकानाचे मालक ओमप्रकाशजी यांना भेटलो. सज्जन गृहस्थ आहेत. कागद दुसऱ्याच कुठल्या करारावरून उतरवला होता, त्यांनीही नीट वाचला नव्हता. कलम काढून टाकलं आहे, आणि त्याच्या जागी सगळी यंत्रं आपली असल्याचं नावानिशी लिहून घेतलं आहे. त्यांची सही झाली आहे. आपण शेवटच्या पानावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात करावी. बाकी प्रत्येक ओळ मी वाचली आहे.

याची फी नाही, आणि मी स्वतः अकोल्याला आलो होतो हे ताईला कळवू नये. तिच्या समजुतीप्रमाणे मी शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे होतो.

दुवा आपण मागितली होती. ती या पाकिटात आहे, नीट उघडावी.

आपला,
मोरोपंत